कॅटालिना एवढं स्लो विमान होतं, तरी दुसऱ्या महायुद्धात इतकं गाजलं कसं?

स्लो होतं हे खरंच, पण त्याचं काम पळायचं नव्हतंच, समुद्रावर तासन् तास फिरत राहायचं आणि शत्रू दिसला की कळवायचं. १९३५ मध्ये पहिल्यांदा उडालं, अमेरिकन डिझाइन, साधारण ४००० किमी रेंज, पाण्यावर उतरायचं त्यामुळे रनवेची गरज नाही. मे १९४१ मध्ये हरवलेली बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका परत सापडली ती कॅटालिनालाच.

आपल्याजवळचा किस्सा म्हणजे ४ एप्रिल १९४२, श्रीलंकेच्या कोग्गालाहून कॅटालिना घेऊन निघालेल्या कॅनडाच्या पायलट बर्चलला जपानी आरमार दिसलं, त्याच्या क्रूने रेडिओवर मेसेज पाठवला आणि तेवढ्यात जपानच्या झिरो या लढाऊ विमानांनी त्यांना पाडलं, तिघे गेले, बाकीचे कैदेत. पण त्या मेसेजमुळे दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याआधी कोलंबो सावध झालं होतं.

आणि मला सगळ्यात भिडतं ते ऑगस्ट १९४५ चं, इंडियानापोलिस ही अमेरिकन युद्धनौका बुडल्यावर खलाशी शार्कच्या पाण्यात चार दिवस तरंगत होते, तेव्हा पायलट एड्रियन मार्क्सने ऑर्डर मोडून खवळलेल्या समुद्रात कॅटालिना उतरवलं, ५६ जणांना वर घेतलं, आत जागा संपली तर पंखांवर बांधून ठेवलं. ते विमान परत उडालंच नाही, पण माणसं वाचली.