जॅमची बरणी आणि आपली केळी

प्रश्न : लहानपणी आमच्या घरी फडताळात वरच्या फळीवर जपून ठेवलेला किसान जॅम मुळात कोणाचा, आणि त्यात आपल्या केळीला जागा आहे का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : पूर्वी यूबी समूहाकडे असलेला किसान १९९३ मध्ये ब्रुक बाँडकडे आणि पुढे विलीनीकरणातून हिंदुस्थान लिव्हरकडे गेला. पाचगणीत १९५९ साली सुरू झालेल्या मॅप्रोने मात्र स्ट्रॉबेरीच्या, म्हणजे आपल्याच परिसरातल्या फळाच्या, जोरावर नाव कमावले. मिक्स्ड फ्रूट जॅमच्या बरणीमागची बारीक अक्षरांतली घटकयादी वाचलीत, तर केळी आणि पपईचा गर पुष्कळदा आढळेल. दर्शनी चित्रावर मात्र सफरचंद, द्राक्षे, अननसच मिरवतात, आणि केळीच्या मुलखातला माणूस म्हणून मला याचे मनापासून वाईट वाटते.