अवकाशात अख्खं यान हरवतं, हे वाचकाला पटेल का?

तुमची कथा हजारो वर्षांनंतरची आहे. पुराणवस्तूंनी भरलेलं यान गायब होतं आणि बचावपथक त्याच्या शोधात निघतं. पण पुढच्या काळातल्या रडारपुढे एवढं मोठं यान हरवेलच कसं, अशी तुमची शंका.

हरवेल की! आपलं चांद्रयान-१ हरवलं होतं. ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा संपर्क तुटला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे यानाची कक्षा हळूहळू बदलत जाते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोन केंद्राच्या ७० मीटर व्यासाच्या अँटेनाने चंद्राच्या उत्तर ध्रुवाच्या वर रडारचा झोत रोखून धरला, तेव्हा चार तासांत ते दोनदा झोतातून गेलं. जुन्या आकडेमोडीच्या मानाने ते कक्षेच्या पार दुसऱ्या बाजूला निघालं. दीड मीटरचा ठोकळा तो, चंद्राभोवती इमानेइतबारे फिरतच होता. चुकला होता आपला हिशेब. तेव्हा रहस्य त्या हिशेबात दडवा. जुनी नोंद कुणी मुद्दाम बदलली असेल तर? मला तरी कुठल्याही अदृश्य ढालीपेक्षा हे जास्त आवडेल.

सापडलेल्या यानाची ओळख पटवायला पुरावा हवा असेल तर त्याला दिलेला रंग वापरा. २००२ मध्ये पृथ्वीभोवती फिरणारा एक ‘लघुग्रह’ सापडला. त्याच्यावरून येणारा प्रकाश तपासला तर तो पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडशी जुळला. तो अपोलो-१२ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असा निष्कर्ष निघाला.

आता बचाव. माझ्या पहिल्या कथेत नायक यान दिसताक्षणी त्याला जाऊन चिकटला होता आणि एका वाचकाने माझी चांगलीच हजेरी घेतली. नुसतं जवळ पोचून भागत नाही, वेग आणि दिशाही जुळवावी लागते. नाहीतर ती धडकच.

त्यानंतर मी सॅल्यूत-७ बद्दल मिळेल ते वाचून काढलं. १९८५ मध्ये हे रिकामं सोव्हिएत अंतराळ स्थानक बंद पडलं, रेडिओसकट. जानिबेकोव्ह आणि साविनिख या अंतराळवीरांनी हातातल्या लेझर यंत्राने अंतर मोजत आपलं सोयूझ यान त्याला जोडलं. आत मिट्ट काळोख, भिंतींवर हिमकण, डोक्यावर लोकरी टोप्या. आणि टेबलावर आधीच्या पथकाने पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं आणि मिठाच्या गोळ्या! त्यांनी बॅटऱ्या थेट सौरपंखांना जोडल्या, सोयूझच्या इंजिनांनी अख्खं स्थानक उन्हाकडे वळवलं आणि वीज परत आणली.

पण ऊब आली तसा बर्फ वितळला आणि भिंती, तारा, यंत्रं सगळं ओलं झालं. दोघं ते पाणी पुसत बसले. तुमच्या यानात तर हजारो वर्षं गोठलेल्या पुराणवस्तू आहेत. पथकातलं कुणीतरी थंडीने काकडून हीटर लावणारच, तो प्रसंग घाईने उरकू नका.