रॉड घरी पाठव, सायकल मागव
सांगलीत विश्रामबागच्या होस्टेलला आलायस ना, मग आधी तो पाणी तापवायचा रॉड घरी परत पाठव. १५०० वॅटचा रॉड २० मिनिटांत अर्धं युनिट खातो. तेवढ्यात ७५ वॅटचा पंखा साडेसहा तास फिरतो. माझी तर बादलीच वितळली, तेव्हा अक्कल आली. गच्चीवर सोलर असेल तर लवकर उठ, उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला गारच पाणी. (सांगलीच्या उन्हाळ्यात गरम पाणी लागतंच कुणाला, म्हणा!) गाव सपाट आहे, जुनी सायकल बास झाली. मेसमध्ये भात थोडाच घे, मावशी परत वाढतात. आणि खोली सोडताना गादी जिन्यात टाकू नकोस, नव्या पोराला दे.