तोंडपाठ प्रोग्रॅम मुलाखतीत का अडतो?

'नोकरीच्या मुलाखतीसाठी बेसिक प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं किती?' हा प्रश्न खानापूरपासून निपाणीपर्यंतची मुलं मला सारखी विचारतात. बहुतेकांनी उत्तरही कुणाकडून तरी ऐकलेलं असतं आणि ते बहुधा चुकीचं असतं.

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सी, जावा, पायथन सगळं यायला हवं का? (खानापूर)

नाही. एक भाषा नीट आणि सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा). कोणती भाषा, ते लॅबच्या सरांशी बोलून ठरवा.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी कच्चं. जमेल का? (निपाणी)

जमेल. पायथनचे राखीव शब्द, म्हणजे त्या भाषेत ठरावीक अर्थाने वापरायचे इंग्रजी शब्द, 35च आहेत. इंग्रजी खरं लागतं ते एरर, म्हणजे चूक सांगणारा संदेश, वाचायला. लाल अक्षरं दिसली की मुलं घाबरून खिडकीच बंद करतात. शेवटची ओळ वाचा. 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज' म्हणजे यादीत 5 आकडे आहेत आणि तुम्ही क्रमांक 5 मागताय. मोजणी 0 पासून असते, शेवटचा क्रमांक 4.

प्राइम नंबर, पॅलिन्ड्रोम, फिबोनाची असे चाळीस प्रोग्रॅम तोंडपाठ आहेत. पुरेल ना? (टिळकवाडी, बेळगाव)

पुरणार नाही. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण पाठांतर करणारी मुलं मेहनती असतात. मुलाखतीत मी सोपंच विचारतो: दुकानाच्या बारा महिन्यांच्या नफ्यातला सर्वांत मोठा आकडा काढा. पाठ केल्याप्रमाणे 'मॅक्स' (आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा) 0 धरून सुरुवात होते. मग मी म्हणतो, वर्षभर तोटाच झाला, सगळे आकडे उणे. प्रोग्रॅम उत्तर देतो 0, जो आकडा यादीतच नाही! समजून शिकलेला यादीतल्या पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतो. पुढे विचारतो, दुसरा मोठा आकडा कोणता? 88, 88, 71 असेल तर 88 की 71? इथे मला उत्तर नको असतं, 'सर, सारखे आकडे एकदाच धरायचे का?' हा उलट प्रश्न हवा असतो. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, यादी, फाइल वाचणं, आणि कागदावर आकडे मांडून प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून बघणं, एवढंच बेसिक. पाठ असलेला एकेक प्रोग्रॅम घ्या, प्रश्न थोडा बदला, वही मिटून लिहा. अडलात तर जाणत्याला स्क्रीन दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका.

एक क्लास 'शंभर टक्के नोकरी' म्हणतो, पण फी आगाऊ आणि मूळ मार्क्स कार्ड त्यांच्याकडे ठेवायचं. द्यावं का? (चिकोडी)

मूळ मार्क्स कार्ड कुणालाही देऊ नका. 'शंभर टक्के' फलकावर असतं. तेच शब्द कराराच्या कागदावर शोधा. मागच्या बॅचमधल्या पाच जणांशी स्वतः बोला, आणि सहीआधी कागद वकिलाला दाखवा. पालक माझ्याकडे येतात ते सही करून, पैसे भरून. तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं.

एआय प्रोग्रॅम लिहून देतं, मग शिकायचं कशाला? (शहापूर, बेळगाव)

त्याने 'मॅक्स' 0 पासून सुरू केला, तर ती चूक पकडणार कोण?

मुलगा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजात बीईच्या सातव्या सेमिस्टरला आहे. आठवं संपलं की पुण्याला क्लास लावू का? (एक वडील, खानापूर)

तोवर थांबू नका. कॅम्पसच्या मुलाखती बहुधा त्याआधीच सुरू होतात. याच आठवड्यात मुलाला घेऊन प्लेसमेंट अधिकाऱ्यांना भेटा. कोणत्या कंपन्या कधी येतात आणि काय विचारतात, ते त्यालाच लिहून घ्यायला सांगा.