प्रवास-सल्ला : रोममधील तीन दिवस

प्रश्न : सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन आम्ही मे महिन्यात शुक्रवारी रात्री रोमला पोहोचू आणि मंगळवारी पहाटे निघू. मधल्या तीन दिवसांत काय, केव्हा पाहावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले वेळापत्रक वारांवरूनच ठरवावे लागेल. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात खरी, पण त्या दिवशीची गर्दी ज्येष्ठांना सोसणार नाही. म्हणून शनिवार सकाळ या संग्रहालयांसाठीच ठेवावी आणि तिकिटे येथूनच ऑनलाइन काढावीत. व्हॅटिकनमधीलच सेंट पीटर्स बॅसिलिका या भव्य चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य असला, तरी खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. आईंची साडी तेथे सर्वांत सोयीची.

रविवारी सकाळी कोलोसियम पाहावे. त्याच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ नोंदलेली असते, आणि त्यातच रोमन फोरम (प्राचीन नगरचौकाचे अवशेष) व पॅलेटाइन टेकडीही येते. मात्र तेथील चढ आणि उंचसखल दगडी वाटा पाहता टेकडी सोडून दिली तरी हरकत नाही. महिन्याचा पहिला रविवार असल्यास विनामूल्य प्रवेशामुळे गर्दी उसळते, तेव्हा कोलोसियम सोमवारी पाहणेच बरे.

बोर्गेसे कलादालन सोमवारी बंद असते. त्या दिवशी पॅन्थिऑन हे प्राचीन मंदिर, नव्होना चौक आणि त्रेव्ही कारंजे रमतगमत पाहता येईल. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जवळ बाळगाव्यात, कारण रस्तोरस्ती असलेल्या ‘नासोनी’ नळांचे पाणी पिण्यायोग्य असते.