मनाली ते लेह सायकलने : चढापेक्षा मुक्कामाचा विचार आधी

प्रश्न : माझे वय ४२ असून पसरणी आणि यवतेश्वर घाट मी नियमितपणे सायकलने चढतो. जुलैमध्ये मनालीहून लेहला सायकलने जाण्याचा बेत आहे. मढी, सिस्सू, जिस्पा, सरचू, पांग आणि रुम्त्से असे मुक्काम ठरवले आहेत. एवढी तयारी पुरेल का? सोबत प्राणवायूचा डबा न्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पायांची काळजी आपण करू नये. हा रस्ता अवजड ट्रकांना चढता यावा अशा बेताने काढलेला असल्यामुळे त्याचे चढ लांबलचक असले तरी फारसे उभे नाहीत, आणि घाटात घडलेल्या सायकलस्वाराला गाटा लूप्सची २१ वळणेही हलक्या गिअरवर सावकाश चढता येतात. मला काळजी वाटते ती आपल्या मुक्कामांच्या यादीची.

जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे आणि सरचू जवळपास ४,३०० मीटरवर. म्हणजे एका रात्रीत झोपण्याची उंची हजार मीटरहून अधिक वाढते, आणि तीही बारालाचा ला ही सुमारे ४,८९० मीटरची खिंड ओलांडून थकल्यावर. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे पर्वतीय वैद्यकात मानले जाते. विरळ हवेत श्वास जलद होतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्तातील आम्लतेचा तोल बिघडतो आणि तो सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. घाटातला सराव कितीही दांडगा असला तरी हे दिवस वाचत नाहीत. उलट दणकट माणूस वेगाने वर पोहोचतो आणि म्हणूनच अधिक अडचणीत येतो.

सरचूची आणखी एक अडचण नकाशावर पटकन लक्षात येत नाही. मागे बारालाचा, पुढे गाटा लूप्सचा चढ आणि नकी ला व लाचुलुंग ला या खिंडी. रात्री विरळ हवेचा त्रास वाढला तर कोणत्याही बाजूने पुरेसे खाली उतरण्यासाठी रस्त्याने आधी वरच चढावे लागते. म्हणून जिस्पाला दोन रात्री काढाव्यात, पुढे एक मुक्काम पत्सिओला आणि एक झिंगझिंग बारला करावा, आणि मगच खिंड ओलांडावी. झिंगझिंग बार आणि सरचू यांची उंची जवळपास सारखीच असल्याने सरचूची रात्र मग शरीराला नवी राहत नाही. आपले तीन दिवस वाढतील, परंतु ते वाढवावेतच.

बारालाच्याच्या वाटेवरचे नाले सकाळी लवकर ओलांडावेत. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी फुगते आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. बूट काढून पट्ट्यांच्या सँडल घालाव्यात आणि सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी, म्हणजे पाण्याच्या जोराने ती अंगावर येणार नाही.

प्राणवायूच्या छोट्या डब्याने काही मिनिटे बरे वाटते. तो खाली उतरण्याला पर्याय नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळण्याचे औषध घ्यायचे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती आवर्जून सांगावी. डोके दुखत असेल किंवा मळमळत असेल तर त्या दिवशी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता गाडीने खाली उतरावे. त्यासाठी झिंगझिंग बारपासून रुम्त्सेपर्यंत तरी सोबत एक गाडी ठेवावी, असा माझा आग्रह आहे.