निशिगंधाचा पांढरा आणि एप्रिलमधला कागद

प्रश्न : जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पितळी तांब्यात ठेवलेली पिवळी शेवंती मी जलरंगात रंगवली होती आणि ते चित्र बरे साधले होते. आता एप्रिलमध्ये त्याच प्रकारच्या कागदावर, त्याच रंगांनी, त्याच तांब्यातला निशिगंध रंगवायला घेतला, तर रंग एकमेकांत मिसळण्याआधीच वाळतो आणि पाकळ्या मळकट दिसतात. वरून पांढरा रंग लावून पाहिला, तरी फुले निर्जीवच वाटतात. माझे काय चुकते?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन अडचणी एकत्र आल्या आहेत, त्यांतली एक हवेची आहे आणि दुसरी फुलाच्या रंगाची.

सोलापुरात एप्रिलमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो, हवा कोरडी असते आणि डोक्यावर पंखा फिरत असतो. त्यामुळे दुसरा रंग कालवेपर्यंत पहिला थर अर्धवट वाळलेला असतो. अशा थराला पुन्हा कुंचला लावला की खालचा रंग सुटून वरच्यात कालवला जातो, आणि आपल्याला दिसणाऱ्या मळकटपणाचा मोठा भाग तिथेच तयार होतो. म्हणून सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून बसावे. कागद शक्यतो 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) सुती घ्यावा, तो दोन्ही बाजूंनी ओल्या स्पंजने भिजवून काचेवर पसरावा; मागची ओल कागदाला बराच वेळ ओलसर ठेवते. एकदा लावलेला थर मात्र पूर्ण ओला असतानाच हाताळावा, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत सोडून द्यावा.

आता पांढऱ्याविषयी. शेवंतीचा पिवळा आपण कुंचल्याने लावला होता. निशिगंधाचा पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. जलरंग पारदर्शक असतो, प्रकाश त्यातून जाऊन कागदावरून परततो आणि म्हणूनच कोरा कागद हाच त्यातला सर्वांत उजळ पांढरा ठरतो. चायनीज व्हाइट हा जस्तापासून केलेला पांढरा रंग 1834 साली विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीने बाजारात आणला. एखाद्या केसरासाठी, शेवटच्या ठिपक्यासाठी तो उपयोगी आहे, परंतु संपूर्ण पाकळीवर दिला की ती खडूसारखी दिसू लागते.

तेव्हा पाकळ्यांच्या आधी त्यांच्यामागची पार्श्वभूमी रंगवावी. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून मिळणारा गडद राखाडी पाकळीच्या कडेपर्यंत आणला की फूल आपोआप पुढे येते. सावलीत काळा मुळीच वापरू नये. एकदा निशिगंध तांब्यासकट खिडकीशी ठेवून डोळे किलकिले करून पाहा: खिडकीकडची सावली निळसर असते, तांब्याजवळच्या पाकळीच्या पोटाशी पितळेचा पिवळा उतरलेला असतो, आणि शेंड्याकडच्या मिटल्या कळ्यांवर हिरवट, कधी गुलाबी झाक असते. या तीन छटा, अगदी पाण्यासारख्या पातळ, एवढ्याच पाकळ्यांवर द्याव्यात. माझ्या मते या चित्राचा सगळा जीव तांब्याच्या त्या पिवळ्या पडछायेत आहे, आणि नवशिके नेमकी तीच सोडून देतात.

फुले रंगवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. निशिगंधाचा दांडा खालून वर उमलत जातो, त्यामुळे सकाळी मिटलेली कळी संध्याकाळी तशीच असेल याची खात्री नसते. म्हणून फुले आणि कळ्या पहिल्याच बैठकीत पूर्ण कराव्यात. तांब्या दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच खिडकीच्या उजेडात रंगवला तरी चालतो.